मदत हवी आहे: किमोनो उलटा काढलाय म्हणे, मंगळवारी छपाई!

घाईत_आहे:
दिवाळी अंकासाठी 16 पानांची चित्रकथा केली आहे, कप्पाची, म्हणजे जपानी पाणभुताची. जपानातलं तोनो, नदी, मुलगी, आजी, काकडी वगैरे. चित्रं झाली, रंगही झाले. आज मैत्रिणीने पान 7 बघितलं, "किमोनो उलटा आहे" म्हणाली आणि विमानात बसली. फोन बंद. उलटा म्हणजे काय? मंगळवारी फाइल द्यायची आहे. लवकर सांगा.

तिरकी_रेघ:
कुणाचा किमोनो? चित्र तरी टाका.

कोकणातला_बाबू:
कप्पा कशाला हवा? आपल्याकडे गिऱ्हा आहे की, तोही पाण्यातलाच. आमच्या आजोळी तिन्हीसांजेनंतर व्हाळावर कुणी पाय धुवायला जायचं नाही. आपली भुतं संपली काय?

घाईत_आहे:
बाबूकाका, गोष्ट लिहून झाली आहे हो. चित्र टाकलंय.

ओसाकाकर:
पाहिलं. किमोनोची डावी बाजू उजवीच्या वर येते, बाई असो की पुरुष. समोरून बघताना गळ्याशी इंग्रजी छोटा वाय दिसला पाहिजे. तुमच्या चित्रात मुलगी आणि आजी, दोघींचाही उलटा आहे. उजवी बाजू वर घेतात ती प्रेताला. इथे पहिल्या उन्हाळ्यात मी युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, असाच घातला होता. शेजारच्या आजीबाईंनी भर रस्त्यात थांबवून, पट्टा सोडून, परत बांधून दिला. बायको अजून हसते.

घाईत_आहे:
बाप रे. मुलगी जिवंत आहे!

झटपट_उपाय:
एआयला सांगा, दोन मिनिटांत गळा बदलून देईल.

तिरकी_रेघ:
आणि वर सहावं बोट फुकट. थांबा जरा, मागच्या कंदिलावरची अक्षरं बघा. तीही आरशातली आहेत. चित्रकाराची चूक नाही ही, पान लावताना कुणीतरी चित्र फ्लिप केलंय.

घाईत_आहे:
मीच. मुलगी पानाबाहेर बघत होती म्हणून.

तिरकी_रेघ:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं.

भूतमावशी:
किमोनोचं राहू द्या, कप्पा हिरवा का? यानागिता कुनिओंच्या 1910 च्या 'तोनो मोनोगातारी' या लोककथासंग्रहात स्वच्छ लिहिलंय की तोनोचे कप्पे लाल तोंडाचे. बाकीकडचे हिरवे असतील. आणि डोक्यावरच्या खळग्यातलं पाणी कुठाय? त्यातच त्याची सगळी ताकद. आपण वाकून नमस्कार केला की तोही रीतीला धरून वाकतो, पाणी सांडतं आणि खेळ खलास.

घाईत_आहे:
मावशी, पान 12 वर तेच होतं. पाणी दाखवतो. लाल मात्र आता जमणार नाही, सगळी पानं परत रंगवावी लागतील.

भूतमावशी:
मग गावाचं नाव काढा. तोनो म्हणायचं आणि हिरवा दाखवायचा, हे चालणार नाही.

खादाड_खन्ना:
काकडीवरून आठवलं, काकडीच्या सुशीला कप्पामाकी म्हणतात. पुण्यात चांगली कुठे मिळते?

तिरकी_रेघ:
घाईत, फ्लिप काढा आणि मजकूर पानाच्या दुसऱ्या बाजूला न्या. मुलगी आपोआप मजकुराकडे बघेल. गळे सरळ, अक्षरं सरळ, चित्रकाराला फोनही नको.

घाईत_आहे:
पण मग आजीचाही सरळ होईल ना? ती तर पान 3 वरच गेलेली आहे. वाचणाऱ्याला शेवटी कळतं.

ओसाकाकर:
अहो, हे आत्ता सांगताय! मग आजीचा उलटाच हवा. फ्लिप काढल्यावर फक्त तिचा गळा परत काढून घ्या. जाणकार पान 7 वरच दचकतील, मुलांना पत्ताही लागणार नाही.

तिरकी_रेघ:
आणि चित्रकाराला बजावा, तिला पांढरा किमोनो देऊ नको. तिथल्या गोष्टींतली भुतं पांढऱ्यात असतात, गुपित तिथेच फुटेल.

कोकणातला_बाबू:
गिऱ्ह्याला किमोनोच नसतो. म्हणून म्हणत होतो.

घाईत_आहे:
चित्रकार फोन उचलत नाहीये. रविवार आहे ना.

खादाड_खन्ना:
कोथरूडच्या आसपास असेल तर बरं.