किती अटेम्प्ट झाले की थांबायचं? सात पूर्व देऊन थांबलेल्याचं मत

बोरीकाठ

मित्रांनो, बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो. मी पारोळा तालुक्यातला. 2017 ते 2023 एमपीएससी राज्यसेवेच्या सात पूर्व परीक्षा दिल्या, दोनदा मुख्य परीक्षेला गेलो, त्यातल्या एकदा इंटरव्ह्यूची यादी तीन मार्कांनी हुकली. तीन वर्षं पुण्यात नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहिलो, बाकी जळगावच्या अभ्यासिकेत अन घरी. आता तालुक्याला सेतू केंद्र चालवतो, भरतीचे फॉर्म भरून देतो. तीच ती पोरं दरवर्षी येतात, फक्त फोटो बदलतो. त्यांच्यासाठी लिहितोय.

माझं म्हणणं असं की थांबायची तारीख तयारी सुरू करायच्या दिवशीच ठरवायची, कागदावर लिहायची अन घरातल्या एका माणसाकडे देऊन ठेवायची. मध्येच बघू म्हणलं की ते कधीच ठरत नाही.

का सांगतो. 2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजाराच्या वर गेला होता, सगळ्यांना आठवत असेल. म्हणून 22-23 च्या हंगामात आपल्याकडे घरोघर लोकांनी कापूस भरून ठेवला. आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी पण ठेवला, पुढची खोली पार आढ्यापर्यंत. साडेआठचा भाव होता तेव्हा आप्पा म्हणे दहा होऊ दे. आठ झाला तेव्हा म्हणे साडेआठ परत आला की विकू. साडेसातला म्हणे आता काय विकायचं, आता आठ तरी येऊ दे. उन्हाळा लागला तसे कापसात बारीक किडे झाले, आईच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पुरळ, रात्रभर खाजवायची, आम्ही सगळे ओसरीत झोपायचो. त्याच घरात माझा सातव्या पूर्वचा अभ्यास चालू होता. 4 जून 2023 ला पेपर झाला अन मग एका रात्री मी आन्सर की घेऊन मार्क मोजतोय, एका प्रश्नावर हरकत घेतली तर दोन मार्क वाढतील का ते बघतोय, अन समोर आप्पा मोबाईलवर जिनिंगचा भाव बघताय. दोघंही हातातून गेलेला भाव धरून बसलेलो. आठ दिवसांनी आप्पांनी सातच्या आत सगळा देऊन टाकला. गाडी भरून गेल्यावर आईने खोली तीनदा धुतली. मी पण तेव्हाच थांबलो.

त्या तीन मार्कांनी माझी चार वर्षं खाल्ली हे मी आज ठामपणे सांगतो. फार मागे पडलो असतो तर 2019 लाच घरी आलो असतो. थोडक्यात हुकलं की वाटतं आता फक्त तीनच मार्क वाढवायचे, पण त्या तीन मार्कांत आपल्यासारखीच किती पोरं बसलेली असतात याचा हिशोब कोणी करत नाही, अन पुढच्या वर्षी ती सगळी परत येतात, वर नवीन पण येतात. त्यात 2025 पासून मुख्य वर्णनात्मक झाली, लेखी 1750 अन इंटरव्ह्यू 275. आम्ही इतकी वर्षं पर्यायांचे गोळे काळे करायचा सराव केला, आता पोरं तीच नोट्स घेऊन निबंध लिहायला बसलीत.

तुमचं काय म्हणणं आहे ते मोकळेपणाने लिहा.

आठव्यात झालो

भाऊ, तुमचं दुःख खरं आहे पण सल्ला चुकीचा वाटतो अन तो पोरांचं नुकसान करेल म्हणून सविस्तर लिहितो.

मी साक्री तालुक्यातला, झेडपी शाळेचा. आठव्या प्रयत्नात एसटीआय, म्हणजे राज्य कर निरीक्षक झालो. पहिले तीन प्रयत्न मी परीक्षा देत होतो असं म्हणणंच चूक आहे, मी तेव्हा अभ्यास कसा करतात ते शिकत होतो. इंग्रजीचा उतारा वाचायला मला वीस मिनिटं लागायची. शहरातल्या पोराचा पहिला अटेम्प्ट अन माझा चौथा, हे दोन्ही एकाच रेषेवर होते. आता तुमच्यासारखी तारीख लिहून ठेवली असती तर पाच अटेम्प्ट लिहिले असते अन पाचव्यानंतर मी गुजरातला सुरतेत कंपनीत लागलो असतो. तिथं लागणं वाईट नाही, माझा भाऊ तिथंच आहे, पण मला जे हवं होतं ते तिथं नव्हतं.

दुसरं म्हणजे तारखेचं. 2020 ची पूर्व 5 एप्रिलला होती. कोरोनात पुढे गेली, मग 11 ऑक्टोबर, मग 14 मार्च 2021, पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे 21 मार्चला झाली. जवळजवळ वर्ष गेलं. ज्याने 2019 ला बसून 2021 ही शेवटची तारीख लिहिली त्याच्या हातून एक अख्खा अटेम्प्ट गेला. तारीख आपण पाळायची अन समोरच्याने पाळायची नाही, हा कुठला हिशोब?

बोरीकाठ

@आठव्यात झालो, दादा, तारखेचा मुद्दा मान्य. तारखेऐवजी अटेम्प्ट मोजा, तिथं मी चुकलो. पण तुमच्यासारखे आठव्यात झालेले इथं येऊन लिहितात, आठव्यात न झालेले लिहीत नाहीत. ते माझ्या केंद्रावर येतात अन हळू आवाजात विचारतात की तलाठीला वय बसतं का. 2023 च्या तलाठी भरतीला साडेचार हजाराच्या आसपास जागा होत्या अन अर्ज दहा लाखाच्या वर. त्यातले बरेच अर्ज मी या हाताने भरलेत.

सातपुडा

थांबा म्हणणाऱ्यांनी डॉ. राजेंद्र भारूडांकडे बघावं. सामोड्याचा भिल्ल समाजातला मुलगा, आईने किती हाल काढले, कलेक्टर होऊन नंदुरबारलाच आला अन कोरोनात ऑक्सिजन प्लांट उभे केले. जिद्द पाहिजे.

बोरीकाठ

@सातपुडा, भारूड साहेबांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. पण ते आधी एमबीबीएस झाले होते. यूपीएससी नसती झाली तरी दवाखाना टाकला असता. आमच्या अभ्यासिकेत त्यांचा फोटो लावलेला होता, त्याखाली बसलेल्या बहुतेकांच्या हातात बीएची डिग्री सोडून काही नव्हतं. जिद्द सगळ्यांकडे होती, पडल्यावर खाली काय आहे त्याचा फरक होता.

रावेरचा केळीवाला

मी परीक्षावाला नाही, केळीवाला आहे, पण विषय माझ्या जवळचा आहे म्हणून लिहितो.

केळीवर हरण्या नावाचा रोग येतो. सीएमव्ही म्हणतात त्याला, पानावर पिवळे पट्टे येतात. त्याला औषध नाही. मावा त्याचा प्रसार करतो, म्हणून रोप दिसलं की उपटायचं अन बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, एवढंच हातात असतं. अन ते उपटायला जीव होत नाही हो. टिश्यू कल्चरचं रोप विकत आणलेलं, ठिबक केलेलं, दीड-दोन महिने खत दिलेलं, अन लांबून बघितलं तर हिरवंगार दिसतं. मी पहिल्या वर्षी म्हणलं राहू दे, सुधरेल. पंधरा दिवसांनी आजूबाजूच्या ओळी गेल्या. शेवटी निम्मी बाग उपटावी लागली. त्या वर्षी बायको बांधावर बसून रडली, मी लांब जाऊन पाइप बघत उभा राहिलो.

तर माझं मत भाऊंसारखं पण नाही अन दादांसारखं पण नाही. अटेम्प्ट मोजून काय होणार, पान बघा. पोरगा दोन वर्षांपूर्वी अभ्यासाबद्दल बोलायचा, आता फक्त कट-ऑफबद्दल बोलतो, हे पान आहे. लग्नाला येत नाही, बहिणीच्या पण नाही, हे पान आहे. अन शेजारच्या ओळीचं बघा. आमच्या भाऊबंदात मोठ्याची तयारी सात वर्षं चालली, धाकट्याला डिप्लोमाची फी भरायला पैसे उरले नाहीत, तो आता ट्रॅक्टरवर आहे. मोठ्याला वाईट वाटतं, पण धाकट्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

आठव्यात झालो

@रावेरचा केळीवाला, तुमच्या शेवटच्या दोन ओळी वाचून थांबलो. सुरतेतला माझा भाऊ माझ्याहून लहान आहे. माझ्या पुण्याच्या मेसचे पैसे तो पाठवायचा. मी वर सुरतेबद्दल लिहिलं ते जरा सहज लिहून गेलो.

तरी माणूस म्हणजे केळीचं रोप नाही. रोप स्वतः सांगू शकत नाही, माणसाला विचारता येतं. माझ्यातलं पान बाहेरून पिवळंच दिसत होतं, मी पण दोन लग्नं चुकवली.

शहाद्याची

मी सगळं वाचलं. भाऊ, तुम्ही फार सहज लिहिलंय की कागद घरातल्या माणसाकडे द्या. मुलगी असता तर हे वाक्य लिहिलं नसतं.

मी पोलीस भरती करत होते. मुलींना 800 मीटर असतं, वीसपैकी वीस पाहिजे तर दोन मिनिटं पन्नास सेकंदात. मी सुरू केलं तेव्हा तीन पंचवीस लागायचे. पहाटे साडेचारला उठून भावासोबत रस्त्याला पळायचे, तो पुढे मोटरसायकलवर लाइट लावून. वर्षभरात तीन पाचवर आले. दुसऱ्या वर्षी दोन चोपन्न. चार सेकंद राहिले होते, अन ते चार सेकंद माझ्या पायात आले होते, ज्याने पळून बघितलंय त्याला कळेल की कधी कधी शरीर स्वतःच सांगतं अजून आहे म्हणून. शेवटच्या शंभर मीटरला मी दम धरून ठेवत होते ते सोडायला शिकले होते. त्याच महिन्यात काका आले अन म्हणाले, आते बस कर, दोन वर्षं झाली. स्थळ आलं होतं. भावाला पाच वर्षं दिली होती, त्याला कोणी काही म्हणलं नाही. मे महिन्यात लग्न झालं.

वयाची अट खुल्याला 28 अन आम्हाला, म्हणजे मागासवर्गाला 33 आहे, मी आज 27 ची आहे. म्हणजे सरकारच्या हिशोबाने माझी मुदत संपलेली नाही. घरच्या हिशोबाने संपली. तुम्ही सगळे चर्चा करताय कधी थांबायचं, आधी हे तरी लिहा की कोणी ठरवायचं.

नवरा चांगला आहे. सकाळी मी गावातल्या चार मुलींना घेऊन ग्राउंडला जाते, त्या पळतात अन मी स्टॉपवॉच धरते. एकीचं मागच्या आठवड्यात तीन दोन आलं.

बोरीकाठ

@शहाद्याची, ताई, माफ करा. माझ्या मनात आप्पा होते, ज्यांनी मला सात वर्षांत एकदा पण बस म्हणलं नाही. घरच्याकडे कागद देणं मला सोपं वाटलं कारण माझे घरचे तसे होते. ते वाक्य मी मागे घेतो. कागद स्वतःजवळ ठेवा.

पण एक विचारतो, चिडू नका. 33 ला अजून वेळ आहे तर पुढची भरती का नाही?

शहाद्याची

चिडले नाही. मुलगा दहा महिन्यांचा आहे. मागच्या महिन्यात एकटीच पळून बघितलं, साडेतीन मिनिटं लागली. सध्या एवढंच सांगते.

सातपुडा

ताई, सुरू करताना तीन पंचवीसच होते की.

चाळीसगाव आप्पा

मी वयस्कर माणूस आहे, टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा 34 चा आहे. पुण्यात आहे. दर महिन्याला पैसे पाठवतो, तक्रार नाही, बागायत आहे, देवाच्या दयेने चालतं. बाजारात कोणी भेटलं की विचारतं, आप्पा, तुना पोऱ्या काय करस? पहिले मी सांगायचो अभ्यास करतो. आता मी बाजाराला उशिरा जातो, म्हणजे दुकानं बंद होता होता.

यूपीएससीला खुल्यासाठी 32 ला संपतं अन सहाच संधी. एमपीएससीला 38, मागासवर्गाला 43. डिसेंबर 2020 ला आयोगाने खुल्याला सहा संधी असं काढलं होतं, मला मनातून बरं वाटलं होतं की आता सरकारच सांगेल, माझ्या तोंडून नको. ते पण नंतर मागे घेतलं. त्यांनी मागे घेतलं ते पोरांच्या भल्यासाठीच असेल. पण बापाचं काम बापावरच आलं परत.

या बोरीकाठच्या वडिलांनी सात वर्षांत काही म्हणलं नाही असं त्यांनी लिहिलं. मला त्यांना विचारायचं आहे, तुमच्या वडिलांनी म्हणलं असतं तर तुम्हाला राग आला असता का?

बोरीकाठ

आप्पा, आला असता. पाचव्या वर्षी म्हणलं असतं तर महिनाभर बोललो नसतो. तरी आज वाटतं की म्हणायला पाहिजे होतं. कापूस विकल्यावर त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं की जेवलास का. तेव्हा मीच सांगितलं की मी आता परत जात नाही. ते उठून गोठ्यात गेले, बराच वेळ आले नाहीत.

आठव्यात झालो

आप्पा, माझं मत सगळ्यांच्या विरोधात आहे तरी तुम्हाला वेगळं सांगतो. बस कर म्हणू नका अन पैसे पण एकदम बंद करू नका, पैसे बंद झालेली पोरं घरी येत नाहीत, तिथंच कुठेतरी रात्रीची कामं धरतात अन अभ्यास पण जातो अन तब्येत पण. फोनवर विषय काढू नका. त्याला घरी बोलवा अन विचारा की मागच्या मुख्यला किती पडले, कोणत्या पेपरला कमी पडले, या वर्षी त्याच्यासाठी वेगळं काय करतोय. मला माझ्या वडिलांनी सहाव्यानंतर हेच विचारलं होतं, चौथी शिकलेला माणूस, पण त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर होतं, वही काढून दाखवलं. म्हणून मी थांबलो नाही. त्याच्याकडे उत्तर असेल तर त्याला अजून एक वर्ष द्या. नसेल तर ते त्याला बोलता बोलताच कळेल, तुम्हाला काही म्हणावं लागणार नाही.

रावेरचा केळीवाला

अन आप्पा, बसवून विचारू नका. शेतात नेऊन, काहीतरी काम करता करता विचारा. समोरासमोर बसलं की पोरं खाली बघतात.

चाळीसगाव आप्पा

बरं. ठिबकच्या नळ्या गोळा करायच्या आहेतच, दोन माणसं लागतात त्याला. महाराष्ट्र एक्सप्रेसने येतो तो नेहमी. शनिवारी ये म्हणून आज रात्री फोन करतो, नळ्यांचंच कारण सांगतो. त्याच्या आईला भरीत करायला सांगितलं आहे.