कोल्हापूरच्या हवेत सागवानी जमीन करावी की नाही?

राजारामपुरीकर
आमच्या घरावर दुसरा मजला चढतो आहे. तेथील दोन खोल्यांना विट्रिफाइड टाइल्सऐवजी सागवानी फळ्यांची जमीन करावी, असे माझे ठाम मत आहे. वडीलधारी मंडळी आणि मिस्त्री यांचे म्हणणे मात्र एकच, की कोल्हापूरच्या पावसात लाकूड टिकत नाही. मला ते पटत नाही. याच पावसात येथील जुन्या वाड्यांच्या माड्या लाकडी तुळयांवर आणि तक्तपोशीवर, म्हणजे तुळयांवर बसवलेल्या फळ्यांवर, पिढ्यान् पिढ्या उभ्या राहिल्या. शिवाय गुळगुळीत टाइल्सवर म्हातारी माणसे घसरतात आणि थंडीत सकाळी त्यांवर पाय ठेववत नाही. अठरा-वीस मिलिमीटर जाडीची फळी खराब झाली तर घासून पुन्हा पॉलिश करता येते, तर टाइल फुटली की त्याच छटेची दुसरी मिळवताना दुकाने पालथी घालावी लागतात. विरोधी मते कारणांसह मांडावीत, ही विनंती.

शाहूपुरी गल्ली
वाड्यांचे उदाहरण येथे लागू पडत नाही. माडीची तक्तपोशी आपल्याला खालून दिसते, पण अनेक वाड्यांत तिच्यावर मातीचा थर असे आणि माणसे वावरत ती सारवलेल्या जमिनीवर. लाकडाला खालच्या बाजूने मोकळी हवा मिळत असे. तुम्ही मात्र तीच फळी काँक्रीटच्या स्लॅबवर बसवणार. नवा स्लॅब कित्येक महिने ओल सोडत राहतो आणि ती ओल फळीच्या पोटात शिरते. खालची बाजू फुगली आणि वरची कोरडी राहिली, की फळीच्या कडा उचलतात आणि मधे पन्हळ पडते. आमच्या भागाचे तर विचारूच नका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी बारा फुटांहून अधिक ओलांडली, तेव्हा पाणी ओसरल्यावर शहाबादी फरशी धुऊन पुन्हा वापरता आली, पण प्लायवूडचे एकही कपाट वाचले नाही. तुमचा मजला उंचावर आहे हे खरे, तरीही छपराची गळती आणि फुटलेला नळ यांना मजला कळत नाही.

रंधा-पटाशी
सुतारकाम हा माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. पॉलिशने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. सभोवतालची आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर बराच काळ टिकली तर लाकडातील ओलावा सुमारे १६ टक्क्यांवर स्थिरावतो आणि चाळीस टक्क्यांच्या हवेत तो साडेसातच्या आसपास येतो. आपल्याकडचा जुलै आणि एप्रिल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे फळीला वर्षभरात काय सोसावे लागते ते कळेल. ही हालचाल लांबीत नगण्य आणि रुंदीत बरीच असते. सागाची बाजू येथेच भक्कम होते, कारण तेवढ्याच ओलाव्याच्या फरकाला तो पांढऱ्या ओक या विदेशी लाकडाच्या जवळपास निम्माच हलतो. तरीही सहा इंची फळी ओलावा सहा टक्क्यांनी बदलताच सुमारे दीड मिलिमीटर कमी-जास्त होते. तीन इंची फळीत हाच फरक निम्मा होतो आणि फटी डोळ्यांत भरत नाहीत. म्हणून फळ्या अरुंद घ्या. लाकूड भट्टीत वाळवलेले आणि गाभ्याचे असावे. कडेचे फिकट लाकूड वाळवी आधी धरते. फळ्या खोलीत आणून काही आठवडे पट्ट्यांवर रचून ठेवा आणि मीटरने ओलावा तपासूनच बसवा. भिंतीलगत दहा-बारा मिलिमीटर जागा सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. स्लॅबवर रात्रभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून पाहा. सकाळी त्याखाली पाण्याचे थेंब दिसले तर कामाला हात लावू नका.

शाहूपुरी गल्ली
तुमचे सगळे मुद्दे मान्य, पण एवढी पथ्ये पाळणारा कारागीर आणि तितका धीर असलेला घरमालक एकत्र यायला हवेत. आपल्याकडे वास्तुशांतीची तारीख आधी ठरते आणि बांधकाम तिच्यामागे धावते.

लक्ष्मीपुरीतील वहिनी
पुसण्याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. आपल्या घरांत रोज ओल्या फडक्याने जमीन पुसली जाते आणि कामाला येणाऱ्या मावशी बादलीभर पाणी ओतूनच पुसतात. लाकडावर हे चालणार नाही. घट्ट पिळलेले फडकेच लागेल आणि ते रोज कोणी तरी सांगत राहावे लागेल. दुकानदार स्वस्त म्हणून लॅमिनेट पुढे करतात. त्यात वर लाकडाचे केवळ छापील चित्र आणि आत दाबलेला भुसा असतो. सांध्यात पाणी शिरले की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. त्यापेक्षा टाइल्स बऱ्या.

राजारामपुरीकर
वहिनी, लॅमिनेटबाबत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघरालगतचा बोळ आणि गच्चीकडे उघडणारी जागा येथे टाइल्सच राहतील. शाहूपुरीकरांचा ओल्या स्लॅबचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून लाकूड यंदाच्या पावसाळ्यानंतर, दिवाळी झाल्यावर आणायचे ठरवतो आहे. वास्तुशांती त्या खोल्यांत साध्या सिमेंटच्या कोब्यावर होईल. सागाचा आग्रह मात्र सोडत नाही. रंधा-पटाशी, तीन इंची फळ्या स्लॅबवर थेट चिकटवाव्यात की खाली पट्ट्या ठोकून त्यांवर बसवाव्यात?

रंधा-पटाशी
उंची मिळत असेल तर पट्ट्यांवरच बसवा. पट्ट्यांनाही वाळवीचे औषध द्या आणि दाराच्या उंबऱ्याची पातळी आताच मिस्त्रींना सांगून ठेवा, नाही तर पुढे दारे खालून तासावी लागतील.