सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरवर चौकोनी बेलर, मदत हवी आहे

वाड्याजवळ (पालघर) आमची पाच एकर वरकस (गवताची माळजमीन) आहे. पावसाळा सरला की गवत कापून, उन्हात वाळवून गाठी बांधतो. ट्रॅक्टर 1980 च्या सुमाराचा, 35 एचपी, सिंगल क्लचचा. यंदा जुना चौकोनी बेलर (गवताच्या चौकोनी गाठी बांधणारं यंत्र) घेतला, 540 आरपीएम पीटीओवर (ट्रॅक्टरमागच्या, अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर) चालणारा.

गवताची ओळ जाड आली की बेलर गुदमरतो. चाकांना आणि पीटीओला क्लच एकच, त्यामुळे तो दाबावा तर पीटीओचा जोरही जातो आणि तोंडात कोंबलेलं गवत तसंच राहतं. त्यात बेलरचं जड फ्लायव्हील फिरतच असतं. ते पीटीओमधून उलटा गिअरबॉक्स फिरवतं आणि क्लच दाबलेला असूनही ट्रॅक्टर हातभर पुढे ढकलला जातो, नेमका त्या ढिगावरच. बांधाजवळ असं झालं की काळजाचा ठोका चुकतो.

लो पहिला गिअर लावून पाहिला, ओळी पातळ करून पाहिल्या. थोडा फरक पडला, पण भागत नाही. गवत खडखडीत वाळलेलं असतं, शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटणारे) योग्य मापाचे आहेत, नॉटरची (दोरीची गाठ मारणाऱ्या भागाची) तक्रार नाही. नवा ट्रॅक्टर परवडणार नाही, आणि हा वडिलांनी घेतलेला, तो विकायचा नाही.

ढकलण्यावर उपाय म्हणून ओव्हररनिंग कपलर (जोर एकाच दिशेने जाऊ देणारी जोडणी) बसवायचा विचार आहे. पण त्याने लांबी वाढते, म्हणजे पीटीओ आणि बेलर जोडणारा शाफ्ट कापावा लागणार. मग त्याच्या दोन नळ्या एकमेकींत किमान किती राहायला हव्यात? आणि अशा जुन्या ट्रॅक्टरला कुणी ड्युअल क्लच (चाकं थांबली तरी पीटीओ चालू ठेवणारा) बसवून घेतलाय का? त्यासाठी काय काय बदलावं लागलं आणि खर्च किती आला?