२१ जूनला ऑशला जावं का? सोबत सासूबाई आहेत

तुलूजची_सून
नमस्कार मंडळी, आम्ही फ्रान्समध्ये तुलूजला राहतो, येऊन आठच महिने झालेत त्यामुळे इथला उन्हाळा अजून बघितला नाहीये. जूनमध्ये सासूबाई येतायत महिनाभर. २१ जूनला इथे सगळीकडे रस्त्यावर गाणंबजावणं असतं म्हणे, फेत द ला म्युझिक, तर ऑफिसातले लोक म्हणतात तुलूजमध्ये त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नसते, त्यापेक्षा ऑशसारख्या छोट्या गावात जा. तिकीट कुठे काढायचं? किती वाजता पोचावं? बसायला मिळतं का? सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात पण उत्साह आमच्या दुप्पट. आणि शाकाहारी आहेत, अंडं चालतं.

जेर्सवाला
मी ऑशच्या जवळच राहतो त्यामुळे थोडं लांबण लावतो, माफ करा. पहिलं म्हणजे तिकीट वगैरे काही नाही, सगळं फुकट. १९८२ मध्ये जाक लांग सांस्कृतिक मंत्री असताना सुरू झालं, कल्पना त्यांच्या खात्यातल्या मोरीस फ्लरे यांची, की देशात एवढे लोक घरात बसून वाद्य वाजवतात तर वर्षातून एकदा त्यांनी रस्त्यावर येऊन वाजवावं. नावातच गंमत आहे, फ्रेंचमध्ये ‘संगीताचा उत्सव’ आणि ‘संगीत वाजवा’ हे दोन्ही कानाला सारखंच लागतं. त्यामुळे भारी कलाकार ऐकायला मिळतील अशा अपेक्षेने जाऊ नका. सूर सोडून गाणारेही असतात आणि त्यांनाही टाळ्या पडतात.

जायचं साडेसहा-सातला. आधी कोणीच नसतं आणि ऊन मरणाचं असतं, सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमाराला, त्यानंतरही बराच वेळ उजेड असतो. आणि एका जागी बसा हो! पहिल्या वर्षी मी इकडून तिकडे नुसता पळत होतो, प्रत्येक कोपऱ्यावर अर्धं गाणं ऐकलं, पूर्ण एकही नाही. आता कॅथेड्रलजवळ कॅफेच्या बाहेर खुर्ची धरतो, एक कॉफी मागवतो आणि जे येईल ते ऐकतो. मागे एकदा समोर एक म्हातारबाबा डबल बास, म्हणजे ते माणसाएवढं उभं व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवत होते, फरसबंदीवर त्या वाद्याची खालची टोकदार दांडी सारखी घसरायची, शेवटी त्यांनी पायातली चप्पल काढून दांडीखाली सरकवली आणि एक पाय अनवाणी ठेवून तासभर वाजवलं. शेजारी दहा-अकरा वर्षांची मुलगी अकॉर्डियन घेऊन, नोटेशनचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे लावलेले, पान उलटायचं झालं की म्हातारबाबा एकटेच वाजवत राहायचे तिचे चिमटे काढून होईपर्यंत.

गुडघ्यांचं मात्र बघा. स्टेशन खाली नदीच्या पलीकडे आणि जुनं गाव वर टेकाडावर. मधे तो प्रसिद्ध जिना आहे, ‘थ्री मस्केटियर्स’वाल्या दार्तान्यांचा पुतळा आहे तो, ३७४ पायऱ्या! फोटो खालून काढा आणि वर टॅक्सीने जा.

शेवटची_गाडी
वरचं सगळं बरोबर पण परतीचं कोणी बोललंच नाही. तुलूज ते ऑश ट्रेनने दीडेक तास, जाताना मजेत जाता. येताना शेवटची गाडी निघते तेव्हा गाण्याला नुसती सुरुवात झालेली असते. आम्ही दोघं ‘बघू नंतर’ म्हणत बसलो, नंतर ॲप उघडलं तर गाडी गेलेली, हॉटेलं फुल्ल, शेवटी एका सहकाऱ्याला रात्री बाराला फोन करून बोलावलं, अजून टोमणे मारतो तो. तेव्हा कार घेऊन जा नाहीतर रूम आधीच बुक करा.

खाण्याचं: स्टॉलवर बहुतेक सॉसेज आणि बदक असतं, हा भागच बदकाचा. शाकाहारी माणसाला फ्रेंच फ्राइज आणि क्रेप (पातळ धिरडी), तेही बटाटे कुठल्या चरबीत तळलेत ते विचारून घ्या, इथे बदकाच्या चरबीत तळतात कधीकधी. डबा नेलात तर उत्तम, कोणी काही म्हणत नाही. प्यायचं घेतलं की प्लॅस्टिकच्या ग्लासाचं डिपॉझिट लावतात, साधारण १ युरो, ग्लास परत दिला की पैसे परत. आमच्या घरी असे सहा ग्लास आहेत 😅

जॅझवेडी
मी उलटं सांगते, २१ जून सोडा, त्यांना जुलैअखेरपर्यंत थांबवून घ्या आणि मार्सियाकला न्या. जेमतेम बाराशे वस्तीचं गाव, १९७८ पासून तिथे जॅझ फेस्टिव्हल होतो, जुलैच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत. रात्रीचे मोठे कार्यक्रम तंबूत असतात त्याला तिकीट लागतं, पण दिवसा चौकात फुकट स्टेज असतं आणि वाजवणारे खरंच वाजवणारे असतात. चौकाला चारी बाजूंनी कमानी आहेत, सावलीत बसता येतं, जमीन सपाट, एक पायरी नाही. गावात ट्रेन मात्र येत नाही, गाडीच लागेल.

जेर्सवाला
मार्सियाक छानच, वाद नाही. पण तिथे आपण ऐकायला जातो, २१ जूनला गाव स्वतः वाजवतं, दोन्हीची तुलना नको. आणि हो, विसरलो, या भागात संध्याकाळी वादळी पाऊस अचानक येतो, निघण्याआधी मेतेओ-फ्रांसचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, ऑरेंज अलर्ट आहे का बघा, असला तर कार्यक्रम रद्दही करतात.

तुलूजची_सून
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! सासूबाईंचं व्हिसामुळे जुलैअखेरपर्यंत जमणार नाही, म्हणून ऑशच, कारने. काल व्हिडिओ कॉलवर त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला तर पहिला प्रश्न काय, तर मी पेटी आणली तर मला वाजवू देतील का? त्या बारा-तेरा वर्षं भजनी मंडळात पेटीवर होत्या. मला वाटलं गंमत करतायत पण त्या सिरियस आहेत.

जेर्सवाला
का नाही देणार? दिवसच त्याचा आहे. माइक-स्पीकर हवा असेल किंवा ठरलेली जागा पाहिजे असेल तर गावच्या मेरीला, म्हणजे नगरपालिकेला, आधी ईमेल करून नाव द्यावं लागतं आणि ते मेमध्येच करून टाका. माइकशिवाय बसायचं तर एखाद्या कॅफेवाल्याला विचारा, तो खुर्ची देईल. दोन खुर्च्या मागा, पेटी ठेवायला एक. फक्त विमानात पेटीचं वजन किती भरतं ते आत्ताच बघून ठेवा.