२०१६ ची अबार्थ पुंटो घेऊ का? (सेकंड हँड, बजेट साडेसहा)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मूळचा कराडचा, नोकरी हिंजवडीत. आजवर वडिलांची स्विफ्ट डिझेल चालवली. आता स्वतःच्या पैशाने पहिली गाडी घ्यायची आहे.

पिंपळे सौदागरला एकाकडे २०१६ ची अबार्थ पुंटो आहे, म्हणजे फियाटच्या पुंटोची जास्त ताकदीची टर्बो पेट्रोल आवृत्ती. पांढरी, लाल पट्ट्यांची, ६२ हजार किलोमीटर झालेली, दुसरा मालक. पावणेसात मागतोय, सव्वासहापर्यंत खाली येईल असं वाटतं. १४५ बीएचपी ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. घरी मात्र विरोध. वडील म्हणतात, बंद पडलेल्या कंपनीची गाडी घेऊन भंगारवाल्याला श्रीमंत करू नकोस.

रोज ऑफिसला एका बाजूने १४ किलोमीटर, महिन्यातून दोनदा कराड. जवळपास त्याच पैशात २०२० ची पोलो टीएसआय मॅन्युअलही बघितली आहे. अशी टर्बो गाडी नवी घेणं परवडत नाही.

ज्यांनी खरंच वापरली आहे त्यांनीच सांगा. पार्ट मिळतात का? रोज झेपेल का? बघायला जाताना काय बघू?

सडाफटिंग

दहा वर्षांच्या पुंटोला सव्वासहा लाख! त्यात दोन लाख घाला, नवी छोटी एसयूव्ही घ्या आणि खड्ड्यातून राजासारखे जा. आपल्या रस्त्यांवर १५५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची गाडी म्हणजे हौसेने घेतलेलं दुखणं.

चाकणकर

माझ्याकडे पोलो १.० टीएसआय आहे, सहा गिअरची मॅन्युअल. ११० पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. कागदावर अबार्थपुढे लहान वाटते, पण इंजिन लिटरभराचं, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) त्याच मापाचा छोटा, त्यामुळे लवकर फिरायला लागतो. १७५० आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) सगळा टॉर्क हातात. गर्दीत तिसऱ्यात टाकून निवांत बसा. अबार्थमध्ये तेवढ्यासाठी दोनदा गिअर बदलावा लागेल. मित्राची चालवली आहे, म्हणून सांगतो.

पोलोही २०२२ मध्ये बंद झाली हे मान्य. पण याच कंपनीच्या इतर गाड्यांत लिटरचं टीएसआय इंजिन आजही येतं, त्यामुळे निदान इंजिनचा तरी घोर नाही. मागची सीट मात्र नावापुरती. माझे वडील मागे बसले की गुडघे छातीला लागतात आणि बोलणी मला.

जमाखर्च (वाई)

उशिरा लिहितेय, ऑडिटचा हंगाम होता. माझ्याकडे २०१८ पासून हीच गाडी आहे, हाच रंग. पुण्यात पहिल्या मालकाकडून २१ हजारावर घेतली, काल ९१ हजार ४०० झाले. मी सीए आहे, त्यामुळे पेट्रोलची प्रत्येक पावती वहीत चढते. खालचे आकडे आठवणीतले नाहीत, वहीतले आहेत.

आधी तुमच्या वडिलांना एक गोष्ट सांगा. त्यांच्या स्विफ्टमधलं १.३ डिझेल इंजिन मूळ फियाटचंच. आणि कंपनी बंद पडलेली नाही. बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम यायच्या सुमारास फियाटने इथे आपल्या नावाने गाड्या विकणं थांबवलं, रांजणगावचा कारखाना चालू आहे, तिथे जीप बनते. आम्ही अष्टविनायकाला गेलो होतो तेव्हा महागणपतीचं दर्शन झाल्यावर मी मुद्दाम एमआयडीसीतून गाडी फिरवून आणली. नवरा म्हणाला, हे काय आता? म्हटलं, पोरीला माहेर दाखवतेय.

आता १४५ बीएचपी. तो आकडा ५५०० आरपीएमचा आहे. हिंजवडीच्या रस्त्यावर ५५०० ला कोण जातं? खरी गोष्ट २१२ न्यूटन मीटरची, आणि तीही काटा दोन हजाराच्या वर गेल्यावर. तुम्ही स्विफ्ट डिझेल चालवली आहे, तिला खालच्या आरपीएमला कशी झोप लागते हे तुम्हाला माहीत आहे. तसंच इथेही. दोन हजाराच्या आत ही गाडी म्हणजे श्राद्धाचं जेवण जेवून उठलेला माणूस. टर्बो फिरतो धुराच्या झोतावर, आणि झोतच नसेल तर तो बिचारा काय करणार? चाकणकर म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे.

मग मी सात वर्षं ही का ठेवली? पसरणी घाटासाठी.

माझे दोन हॉटेलवाले क्लायंट पाचगणीत आहेत. पर्यटकांच्या गाड्या चढायच्या आत, सकाळी साडेपाचला निघते. वाई मागे पडली की वळणं सुरू होतात. दुसरा गिअर, काटा चोवीसशेच्या आसपास, वळण अर्धं उलगडलं की पाय खाली. आधी एक बारीक शीळ ऐकू येते, मग मागून कुणीतरी सीटला हात लावून ढकलल्यासारखं होतं. पुढचं वळण येईपर्यंत तिसरा टाकायला वेळ मिळतो न मिळतो. हे सगळं ४० ते ७० च्या वेगात चालतं. अमानुष पळवावं लागत नाही, आणि पळवूही नये. समोरून एसटी अर्धा रस्ता घेऊन उतरत असते.

दुसरी गोष्ट स्टिअरिंग. हायड्रॉलिक आहे, आजच्या गाड्यांसारखं विजेचं नाही. पार्किंगमध्ये जड लागतं. पण घाटात चाकाखाली वाळू आली, ओलं पान आलं, डांबर संपून खडी लागली, सगळं तळहाताला कळतं. पावसाळ्यात हाच हात सावध ठेवावा लागतो. ट्रॅक्शन कंट्रोल नाही, ताकद सगळी पुढच्या दोन चाकांवर. ओल्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरात पाय दाबला की चाकं जागच्या जागी फिरतात आणि स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढलं जातं. पहिल्या पावसात मी एकदा भुताने धरल्यासारखी उजवीकडे गेले होते. रस्ता मोकळा होता म्हणून आज लिहितेय.

म्हणजे सव्वासहा लाखांत तुम्ही दोनच गोष्टी विकत घेता: दुसऱ्या-तिसऱ्या गिअरातली ती ओढ आणि हे स्टिअरिंग. बाकी सगळी गाडी म्हणजे २००९ ची पुंटो, तिच्या वयासकट. क्लच जड, डाव्या पायाला विसाव्याला नीट जागा नाही. पुणे-कराडमध्ये तो पाय कुठे ठेवायचा याचा शोध घ्यावा लागेल.

तुमच्या १४ किलोमीटरमध्ये या दोन गोष्टी एकदाही भेटणार नाहीत. कराडला जाताना खंबाटकी, तीही ट्रकच्या मागे. माझ्या दारात पसरणी नसती तर मी पोलोच घेतली असती, हे लिहिताना जिवावर येतंय.

वहीकडे वळते. लिटरला सरासरी किलोमीटर: वाई गावात ९.६, सातारा-पुणे हायवेवर १३.९, घाटात ७.८. पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आल्यापासून हायवेचा आकडा १३.१ झाला. २०१६ ची गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही, म्हणून दर सर्व्हिसला पेट्रोलच्या रबरी नळ्या बघून घेते. तुम्ही कराडचे, घरी ऊस असणारच. तुमचाच ऊस माझ्या टाकीत येऊन माझा अॅव्हरेज खातोय, तेव्हा सल्ल्याची फी त्यातच वळती झाली समजा.

पेट्रोल आणि विमा सोडून सात वर्षांत २ लाख ९० हजार गेले. ७० हजार ४०० किलोमीटरला भागा: चार रुपये बारा पैसे. यात टायरचे दोन सेट (१९५/५५ आर १६, हे माप स्वस्त नाही), एक क्लच, आणि टायमिंग बेल्ट, टेन्शनर व वॉटर पंप एकदम. बेल्टचं लक्षात ठेवा. या इंजिनला चेन नाही, बेल्ट आहे, आणि तो किलोमीटर कमी असले तरी वयाने म्हातारा होतो. मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर ‘बदललाय’ या शब्दाची किंमत शून्य धरा आणि तो खर्च भावातून वजा करा.

दारं, काचा, दिवे साध्या पुंटोचे चालतात, जुन्या गाड्यांच्या बाजारातही मिळतात. अडतं ते फक्त अबार्थच्या सामानाशी. क्लच प्लेट यायला १९ दिवस लागले, तोवर मी नवऱ्याच्या अॅक्टिव्हावर फायली घेऊन फिरले. पुढच्या बंपरचा खालचा ओठ दोनदा फोडला, दोन्ही वेळा रातोरात उगवलेल्या गतिरोधकावर. साताऱ्यात फायबर सांधणारा एक आहे, तो आता मला बघून हसतो.

सगळ्यात महाग शिकवण मात्र सर्वात स्वस्त पार्टने दिली. पुण्यातल्या एका गॅरेजातून सर्व्हिस करून आणली आणि गाडीचा जीवच गेला. पाय दाबला की फुस्स आवाज, ओढ नाही. टर्बो गेला, ऐंशी हजार धरा, असं तिथून सांगण्यात आलं. अकरा दिवस मी हिशेब मांडत बसले. शेवटी वाईच्या आमच्या मेकॅनिकने खाली हात घालून बघितलं. इंटरकूलरच्या पाइपची क्लिप नीट बसवलीच नव्हती, टर्बोने दाबलेली हवा बाहेरच निघून जात होती. क्लिप ६० रुपये. टर्बो गाडी घेणार असाल तर गाडीआधी मेकॅनिक शोधा.

आणि आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, विचारा. या वर्षी माझ्या गाडीची आयडीव्ही ३ लाख ६० हजार आहे. तुम्ही सव्वासहा द्याल आणि उद्या मोठा अपघात झाला तर विमा कंपनी आयडीव्हीच बघणार, तुमची हौस नाही.

सडाफटिंग

ताई, एक विचारू? घरच्यांनी एवढी महाग हौस चालू कशी दिली?

जमाखर्च (वाई)

कमावते मी, विचारायचं कुणाला? सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. गाडीवरचं चिन्ह बघून म्हणाल्या, दारात विंचू कशाला आणलास? मग त्यांना कार्लो अबार्थची गोष्ट सांगितली. १५ नोव्हेंबर १९०८ ला व्हिएन्नात जन्मला, इंग्रजी पद्धतीने रास वृश्चिक, म्हणून १९४९ मध्ये कंपनी काढताना विंचू घेतला. सासूबाईही वृश्चिकेच्या. तेव्हापासून दसऱ्याला गाडीला पहिला हार त्या घालतात.

कृष्णाकाठ

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, ती सासूबाईंच्या बाजूची झाली.

पण आता नवीनच निघालं. काल मालकाचा फोन आला. म्हणाला, गाडी रिमॅप केलेली आहे (इंजिनच्या कॉम्प्युटरची फाइल बदलून ताकद वाढवलेली), स्टेज वन, म्हणजे पहिली पायरी, १७० च्या पुढे बीएचपी. म्हणून भाव कमी होणार नाही. खरं सांगतो, ऐकून आणखीच मोह झाला. रविवारी बघायला जातोय.

चाकणकर

रिमॅप केलेली म्हणजे कुणीतरी ती मन लावून पिळलेली.

जमाखर्च (वाई)

चाकणकरांनी एका ओळीत सांगितलं. पिळली असेल, पण सांभाळून पिळली का, ते बघायचं.

जाण्याआधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवा. थंड लागलं तरच पुढे, गरम इंजिन आपल्या खोडी लपवतं. डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा, कमी असेल तर का कमी आहे ते विचारा. मग सुरू करा आणि मागे उभे राहून धूर निघतो का बघा.

गाडी गरम झाली की मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरात ५० ला या आणि पाय पूर्ण दाबा. काटा सरसर चढला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. रिमॅपच्या गाडीत सगळ्यात आधी तोच जातो. नंतर एखाद्या उतारावर, गिअरमध्येच ठेवून, पाय काढून गाडी सोडा. खाली आल्यावर पाय दाबा आणि आरशात बघा. निळसर धुराचा लोट दिसला तर ऑइल जळतंय, इंजिनातून किंवा टर्बोतून. भाव बोलत बसू नका, घरी या.

बंद करताना मालक काय करतो तेही बघा. जोरात चालवून आणल्यावर लगेच चावी फिरवली तर टर्बोच्या बेअरिंगला ऑइल मिळायचं थांबतं आणि ते तापलेल्या जागी करपतं. मी घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवते, तेवढ्यात केस नीट करून होतात. ज्याला ही सवय नाही त्याने इतकी वर्षं काय केलं असेल ते तुम्हीच ठरवा.

रिमॅप कुणी केला, मूळ फाइल जपून ठेवली आहे का, विमा कंपनीला कळवलं आहे का? या तिन्हींचं उत्तर हसून मिळालं तर ते ‘नाही’ समजा.

कृष्णाकाठ

जाऊन आलो. दहा वाजता पोहोचलो, बॉनेट गरम. म्हणे सकाळी दूध आणायला नेली होती. डेअरी सोसायटीच्या गेटसमोर आहे, मी येताना पाहिली.

बेल्टचं बिल नाही. क्लच मात्र घसरला नाही. धूर दिसला की नाही ते कळलं नाही, कारण तिसऱ्या गिअरात ती जी ओढली, मी आरशात बघायलाच विसरलो.

जमाखर्च (वाई)

हेच होतं. भाव?

कृष्णाकाठ

सहा म्हणालो, तो सव्वासहावर अडलाय. मी सांगितलं, पुन्हा एकदा बघतो, माझ्या मेकॅनिकला घेऊन. कुरकुरत हो म्हणाला. येत्या शनिवारी सकाळी सहाला जातोय. दूध मीच घेऊन जाईन.