हॉटेलने जिन्याचं मागचं दार अडवलंय. फायरवाले म्हणतात प्रभागात जा, प्रभाग म्हणतो फायरकडे जा

सचिव_नाइलाजाने

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी सात मजली, खाली दुकानांचे गाळे. वार्षिक सभेला गैरहजर राहिलो, म्हणून सचिवपद गळ्यात पडलं. खालच्या हॉटेलवाल्याने मागच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायच्या जागेत, पत्र्याची शेड ठोकून किचन बाहेर काढलंय. भिंतीला टेकून 19 किलोचे पाच सिलिंडर, तीन हातांवर तंदूर. जिन्याचं मागचं दार याच शेडमध्ये उघडतं. उघडतं म्हणजे काय, दाराला कांद्याच्या गोण्या लावलेल्या असतात. बंब मागे यायचा तर हीच जागा.

मार्चमध्ये अग्निशमनला अर्ज दिला. ते आले, पाहिलं, म्हणाले, "शेड पाडणं आमच्याकडे नाही, प्रभाग कार्यालयात जा." प्रभागात म्हणाले, "आगीचा विषय ना? मग फायरचं पत्र आणा." पत्र मागितलं तर कळलं, माझी तक्रार "प्रभागाकडे वर्ग करून निकाली" निघालीय. आणि प्रभागात त्या पत्राचा आवक क्रमांकच सापडत नाही. टपालाच्या टेबलावरच्या बाई आता मला चहा विचारतात, यावरून खेपा मोजा.

हॉटेलवाला माणूस वाईट नाही. गणपतीला सगळ्यात मोठी वर्गणी त्याचीच. म्हणून निम्मी कमिटी म्हणते, कशाला उगाच वाकड्यात शिरायचं.

दोन्ही खात्यांना एकाच दिवशी त्या शेडसमोर उभं कसं करायचं?

हेल्मेट_खुंटीला

सचिवसाहेब, फायरमध्ये 31 वर्षं काढून निवृत्त झालोय. दोघेही खोटं बोलत नाहीयेत, तीच तर गोम आहे. आमच्याकडे 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. त्यात नोटीस देता येते, वेळ पडली तर वीज-पाणी तोडायला लावता येतं. पण पत्रे उतरवायचे ते नगररचनेच्या आणि महापालिकेच्या कायद्याखाली, आणि त्याची माणसं, गाडी, गॅसकटर सगळं प्रभागाकडे.

तुम्ही दोन अर्ज दोन दारांत टाकलेत. एकच करा. "प्रति" मध्ये मुख्य अग्निशमन अधिकारी आणि सहायक आयुक्त दोघं, प्रत आयुक्तांना. विषयात "संयुक्त स्थळपाहणी" हे दोन शब्द हवेतच. शेडचं गाऱ्हाणं नंतर; पहिल्या ओळीत लिहा की रहिवाशांचा बाहेर पडायचा मार्ग बंद आहे. सोबत मंजूर नकाशा, मागचं सामासिक अंतर लाल पेनने दाखवून, आणि त्याच कोनातून आजचा फोटो. नकाशा नसेल तर नगररचनेतून साक्षांकित प्रत काढा. पोच दोन्हीकडून घ्या, शिक्क्यासकट.

कमिटीतल्या "कशाला उगाच"वाल्यांना मुंबईतल्या कमला मिलच्या पबमधल्या आगीची आठवण करून द्या. 29 डिसेंबर 2017, 14 माणसं गेली. बरीचशी प्रसाधनगृहात गुदमरून. वाट सापडली नाही की माणूस भिंती असतील तिकडे पळतो, मी पाहिलंय.

आता राग मानू नका. तुमचा फॉर्म बी कधी दिलात? आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. पाहणीला आलेला माणूस आधी तुमचं पंपघर उघडायला लावणार.

वेशीबाहेर

तुमच्याकडे भांडायला दोन खाती तरी आहेत. आमच्या ग्रामपंचायत हद्दीत सहा मजली इमारती झाल्या, बंब येतो शेजारच्या नगरपरिषदेतून. गेल्या वर्षी गोदाम पेटलं तेव्हा फोनवर पहिला प्रश्न आला, "हद्द कुणाची?" त्यापेक्षा एमआयडीसीतले कारखाने बरे. तळोजात त्यांचा परस्परमदतीचा गट आहे, एकाकडे पेटलं की शेजारचे मदतीला धावतात. कागद नंतर.

सचिव_नाइलाजाने

@हेल्मेट_खुंटीला, राग कसला. 2021 नंतरचा फॉर्म बी फाइलमध्ये नाही. काल वॉचमनला घेऊन सातही मजले उतरलो. आग विझवायच्या पाइपांच्या पितळी नोझल दोनच शिल्लक, बाकीच्या भंगारात गेल्या असणार. चौथ्या मजल्याच्या होज बॉक्समध्ये, म्हणजे पाइपाच्या पेटीत, कुणाचं तरी क्रिकेटचं किट. पंप "मॅन्युअल"वर. वॉचमन म्हणाला, ऑटोवर ठेवला की रात्री आपोआप सुरू होतो आणि पहिल्या मजल्यावरचे आजोबा ओरडतात. म्हणजे कुठेतरी व्हॉल्व्ह गळतोय, दाब उतरला की पंप सुरू होतो, आणि आम्ही उपाय म्हणून पंपच झोपवलाय.

सचिव_नाइलाजाने

सहा आठवड्यांनी कळवतोय. संयुक्त पाहणी झाली. दोन्ही साहेब एकाच इमारतीत बसतात, तिसऱ्या आणि तळमजल्यावर. ओळख आमच्या शेडमध्ये झाली. एकाच कागदावर दोघांच्या सह्या. सिलिंडर त्याच दिवशी हलले, गोण्याही. शेड अजून आहे, त्याने कोर्टातून स्थगिती आणलीय.

दुसरी नोटीस आमच्या नावाने आली. पंप, नोझल, फॉर्म बी, मुदत 30 दिवस. हॉटेलवाल्याने ती वाचली आणि मला म्हणाला, "काका, एजन्सी एकच बघू या का दोघांना? स्वस्त पडेल." उद्या कोटेशन येतंय.