मदत हवी आहे : ‘हॅलोवीन’ जुना आणि नवा

नमस्कार. परभणीतील आमच्या चित्रपट मंडळात दिग्दर्शक जॉन कारपेंटर यांचा १९७८चा अमेरिकी भयपट ‘हॅलोवीन’ आणि रॉब झॉम्बी यांनी २००७मध्ये काढलेली त्याची नवी आवृत्ती यांवर मला टिपण वाचायचे आहे. मूळ चित्रपटात पहिला खून आपल्याला खुनी मुलाच्याच डोळ्यांनी, विदूषकाच्या मुखवट्याच्या भोकांतून दिसतो आणि त्यामागचे कारण उलगडत नाही. नव्यात मात्र त्याचे विस्कटलेले बालपण सविस्तर येते, आणि त्यामुळेच रक्तपात वाढूनही भीती ओसरते, असे माझे मत आहे. (मंडळात ते फारसे कोणाला पटत नाही!) याविषयी मराठीत समीक्षालेखन झाले असल्यास कृपया सुचवावे. शिवाय ज्येष्ठ मंडळींसमोर नव्या चित्रपटातील कोणता प्रसंग निःसंकोच दाखवता येईल, हेही जाणकारांनी कळवावे.